केनेलची खूण: शिवी व्यवस्थेला, की ज्यूंना?

पायवाट

मंडळी, सल्ला हवा आहे आणि गुरुवारच्या आत हवा आहे.

मी ल्यों शहराच्या एका उपनगरात राहतो आणि इथल्या हौशी फुटबॉल क्लबचा सचिव आहे. सचिव म्हणजे काय, तर इतिवृत्त लिहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. रविवारी आमची मोठी मुलं सामना जिंकली, ड्रेसिंग रूममध्ये फोटो निघाला आणि कोणीतरी तो क्लबच्या फेसबुक पानावर चढवला. मागच्या रांगेत तीन पोरं उभी आहेत. उजवा हात खाली सरळ ताणलेला, पंजा उघडा, आणि डाव्या हाताचा पंजा उजव्या दंडावर. म्हणजे केनेल. इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी, केनेल हा ल्योंचाच एक पदार्थ आहे, त्याचं नाव या खुणेला पडलंय.

दुसऱ्या दिवशी एका माजी खेळाडूच्या वडिलांचा निरोप आला. फोटो काढा, नाहीतर मी जिल्हा संघटनेला लिहितो. गृहस्थ ज्यू आहेत, एरवी अतिशय शांत. त्यांचा मुलगा आमच्याकडे लहानपणापासून खेळला.

पोरांना विचारलं. एक हसला आणि म्हणाला, "हे व्यवस्थेविरुद्ध आहे, मस्यू." दुसऱ्याला ही खूण कोणी काढली हेसुद्धा ठाऊक नव्हतं, त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिली होती. तिसरा बुटांकडे बघत राहिला.

मी फ्रान्सला आलो २०१६ मध्ये, म्हणजे या खुणेवरून झालेला सगळा गदारोळ होऊन गेल्यावर. आमचे अध्यक्ष म्हणतात फोटो उडवा आणि विसरा. प्रशिक्षक म्हणतो, शिक्षा केलीत तर एकोणीस वर्षांच्या पोरांवर ज्यूद्वेष्टे असा शिक्का बसेल आणि तो जन्मभर पुसला जाणार नाही. मला दोघांचंही पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगताही येत नाही. खुणेचा अर्थ ठरवायचा कोणी? करणाऱ्याने, बघणाऱ्याने, की ज्या डोक्यातून ती जन्मली त्या डोक्याने?

स्वस्तिकाचा विषय कृपया आणू नका, त्याचे इथे आधीच भरपूर धागे आहेत.

---

खडूस_कोकिळा

हात नाझी सलामासारखा वर गेला असता तर गोष्ट वेगळी. हात खाली आहे. उद्या खिशात हात घातला तरी कोणाच्या तरी भावना दुखावतील. फोटो राहू द्या.

---

जुनापाहुणा

कोकिळाताई, हात खाली आहे हीच तर त्यातली हुशारी आहे. पायवाट, जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

मी १९९१ पासून पॅरिसमध्ये आहे. सुरुवातीची वर्षं मी दूरचित्रवाणीसाठी उपशीर्षकं करायचो, त्यामुळे विनोदी कार्यक्रम पाहणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. ही खूण काढणारा विनोदी नट दियुदोने म्बाला म्बाला मला तेव्हापासून माहीत आहे. वडील कॅमेरूनचे, आई ब्रेतॉन. एली समून हा त्याचा जोडीदार, तो ज्यू. एक काळा आणि एक ज्यू एकमेकांची आणि साऱ्या फ्रान्सची टर उडवायचे, आणि लोक खुर्चीवरून पडेपर्यंत हसायचे. मीही पडलोय. १९९७ मध्ये तो द्रूमधून संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला तो ल पेनच्या अतिउजव्या नॅशनल फ्रंट पक्षाला विरोध म्हणून. हे मुद्दाम सांगतो, कारण आज त्याचे चाहते "तो पहिल्यापासून व्यवस्थेविरुद्धच होता" म्हणतात तेव्हा ते अगदीच खोटं बोलत नसतात.

मग डिसेंबर २००३. फ्रान्स ३ वाहिनीवर थेट प्रक्षेपण. तो कट्टर ज्यू वसाहतवाल्याच्या वेशात आला आणि शेवटी हात वर करून इस्रायलच्या नावाला हिटलरचा "हाइल" जोडून ओरडला. तिथपर्यंत तुम्ही म्हणू शकता की ही इस्रायलच्या धोरणावरची टीका आहे, बेचव असली तरी टीका. मीही तेव्हा तेच म्हणालो होतो, आणि तेवढ्या एका प्रसंगाबद्दल आजही म्हणेन.

पण त्यानंतर तो थांबला नाही, आणि तो ज्या दिशेला गेला ती बघा. डिसेंबर २००८, पॅरिसचं झेनिथ सभागृह, हजारो प्रेक्षक. त्याने रोबेर फोरिसोंला मंचावर बोलावलं. फोरिसों म्हणजे नाझी छावण्यांत ज्यूंना मारायचे वायुकक्ष नव्हतेच असं आयुष्यभर सांगत फिरलेला माणूस, त्याबद्दल न्यायालयात अनेकदा दोषी ठरलेला. त्याला पुरस्कार दिला, आणि तो पुरस्कार आणून द्यायला छळछावणीतल्या कैद्याचा पट्ट्यापट्ट्यांचा वेश घातलेला, छातीवर पिवळा तारा लावलेला माणूस उभा केला. यात इस्रायल कुठे आहे? गाझा कुठे आहे? कोणती व्यवस्था आहे? आणि जो ल पेन १९९७ मध्ये त्याचा शत्रू होता, तोच पुढे त्याच्या एका मुलीचा धर्मपिता झाला.

केनेल त्याच्या प्रयोगांत २००५ च्या सुमारास दिसायला लागली, तेव्हा ती नुसती अश्लील खूण होती. "कोपरापर्यंत घातला" या छापाची. पुढे २००९ च्या युरोपीय निवडणुकीत त्याने आलँ सोराल या अतिउजव्या लेखकाबरोबर "झायोनवादविरोधी यादी" उभी केली आणि प्रचाराच्या भित्तिपत्रकावर हीच खूण केली. म्हणजे खुणेचा पत्ता त्याने स्वतःच लिहून दिला.

आता तुमचा प्रश्न: अर्थ कोण ठरवतं. माझं उत्तर विचित्र वाटेल. मी हाताकडे बघतच नाही. मी मागे काय आहे ते बघतो. २०१३ मध्ये इंटरनेटवर केनेलच्या फोटोंचं पीक आलं होतं. सोरालचा फोटो होता बर्लिनच्या होलोकॉस्ट स्मारकात, त्या २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांमध्ये. पॅरिसमध्ये सिनॅगॉगच्या पहाऱ्यावर ठेवलेले दोन गणवेषधारी सैनिक होते. तुलूजमधल्या ओझार हातोरा या ज्यू शाळेसमोरचा एक होता, जिथे मार्च २०१२ मध्ये मोहम्मद मेरानं एका शिक्षकाला आणि तीन लहान मुलांना गोळ्या घातल्या होत्या. व्यवस्थेला शिवी द्यायची तर शाळेच्या फाटकासमोर कशाला?

न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. त्याच पिकात असेही फोटो होते ज्यात पोरं लग्नात, बारमध्ये, अग्निशमन दलाच्या बंबावर केनेल करत होती. एका फोटोत तर तेव्हाचे गृहमंत्री मान्युएल वाल्स मधोमध हसत उभे आहेत, आणि आजूबाजूची पोरं त्यांच्या नकळत केनेल करतायत. हा मात्र खरोखर व्यवस्थेलाच मारलेला टोमणा. खूण तीच, पोरंही बहुधा त्याच वयाची.

म्हणून हात खाली असणं महत्त्वाचं. वर गेलेल्या हाताला कोणीही ओळखतं. हा खाली दाबलेला हात ज्याला कळायचा त्याला कळतो, आणि कोणी जाब विचारला तर "मस्यू, हे तर व्यवस्थेविरुद्ध" म्हणायची सोय राहते. तुमचा पहिला पोरगा हसून बोलला ना, त्या हसण्याचा मला जास्त संशय येतो. दुसऱ्याला सोडून द्या.

---

ऑफसाइड

काकांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. फुटबॉलची बाजू मी टाकतो, कारण पायवाट यांच्या समितीला तीच जवळची पडेल.

२८ डिसेंबर २०१३, वेस्ट हॅम विरुद्ध वेस्ट ब्रॉमविच अल्बिअन, निकाल ३-३. वेस्ट ब्रॉमविचच्या निकोला आनेल्काने आपला पहिला गोल केला आणि कॅमेऱ्यासमोर केनेल केली. इंग्लंडमधल्या प्रेक्षकांना काही कळलं नाही, फ्रान्समध्ये मात्र अर्ध्या तासात आग लागली. फ्रान्सच्या क्रीडामंत्री बाईंनी जाहीर निषेध केला. आनेल्का म्हणाला, माझ्या विनोदी नट मित्रासाठी होतं, दियुदोनेसाठी. क्लबचा मुख्य पुरस्कर्ता असलेल्या कंपनीने करार पुढे न्यायला नकार दिला.

इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या आयोगाचा निकाल फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस आला: पाच सामन्यांची बंदी, ८०,००० पाउंड दंड, वर एक प्रशिक्षणवर्ग. त्याचा पाया बघण्यासारखा आहे. आयोगाने म्हटलं की या खुणेचा ज्यूद्वेषाशी घट्ट संबंध जोडला गेलेला आहे, म्हणून नियमभंग झाला. आणि त्याच निकालात म्हटलं की आनेल्का ज्यूद्वेष्टा आहे, किंवा त्याला ज्यूद्वेष व्यक्त करायचा वा पसरवायचा होता, असं आम्हाला आढळलेलं नाही. म्हणजे हेतू सिद्ध झाला नाही तरी शिक्षा झाली, आणि शिक्षा झाली तरी माणसावर शिक्का मारला नाही. पायवाट, तुमच्या प्रशिक्षकाला हे वाचून दाखवा. तो म्हणतो या दोन गोष्टी वेगळ्या होऊच शकत नाहीत. लंडनमध्ये त्या करून दाखवल्या आहेत.

गंमत म्हणजे आनेल्काच्या बाजूने सर्वात वजनदार वाक्य आलं ते फ्रान्समधल्या ज्यू संस्थांच्या मध्यवर्ती परिषदेचे अध्यक्ष रोजे क्युकिएरमान यांच्याकडून. त्यांचं म्हणणं होतं की खूण सिनॅगॉगसमोर किंवा नरसंहाराच्या स्मारकासमोर केली तरच तिला ज्यूद्वेषी अर्थ येतो, मैदानावरची कारवाई त्यांना जरा कडक वाटली. आनेल्काने ते लगेच पुढे केलं, आणि का करू नये?

आणखी दोन उदाहरणं देतो, कारण खेळाडूंचं "मला माहीत नव्हतं" सगळीकडे सारखं मोजत नाहीत. मार्च २०१३ मध्ये ग्रीसच्या योर्गोस कातिदिसने एईके अथेन्सकडून विजयी गोल करून शर्ट काढला आणि चक्क नाझी सलाम ठोकला. वय वीस. म्हणाला, अर्थ माहीत नव्हता, मी प्रेक्षकांत बसलेल्या सहकाऱ्याकडे बोट दाखवत होतो. त्याचा जर्मन प्रशिक्षकही म्हणाला, पोराला राजकारणातलं काही कळत नाही. ग्रीक महासंघाने त्याला राष्ट्रीय संघांतून आजन्म बाद केलं. दुसरीकडे बास्केटबॉलपटू टोनी पार्करचा दियुदोनेबरोबरचा केनेलचा जुना फोटो बाहेर आला, त्याने दोन दिवसांत माफी मागितली, म्हणाला मला वाटलं हा त्याच्या विनोदाचा भाग आहे, पुन्हा करणार नाही. विषय तिथेच मिटला. माफीला वेळेवर येणं जमलं की बरंच काही निभावतं.

---

कायदेबाज_मैना

मी स्ट्रासबर्गला कायदा शिकले, म्हणून न राहवून.

आधी एक गैरसमज काढू. फ्रान्समध्ये केनेल या खुणेवर म्हणून कायद्याने बंदी नाही. जर्मनीच्या दंडसंहितेत कलम ८६अ आहे, त्यात बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं आणि अभिवादनं दोन्ही येतात, नाझी सलाम सरळ त्यात बसतो. ऑस्ट्रियात १९४७ चा बंदी कायदा आहे. फ्रान्समध्ये १९९० चा गेसो कायदा आहे, पण तो नरसंहार नाकारण्याबद्दल. दंडावर ठेवलेल्या पंजाबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. खटला भरायचा तर वांशिक चिथावणी किंवा अपमान सिद्ध करावा लागतो, आणि तिथे काका म्हणतात तसं मागे काय आहे ते मोजलं जातं.

वाल्स यांनी जानेवारी २०१४ मध्ये दुसरा रस्ता घेतला, आणि माझ्या मते तो चुकीचा होता. ६ तारखेला प्रीफेक्टना, म्हणजे सरकारच्या जिल्हाप्रमुखांना, परिपत्रक पाठवलं: दियुदोनेचे प्रयोग कसे थांबवता येतील ते बघा. ९ जानेवारीला नांतमध्ये प्रयोग होता. दुपारी तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने बंदी उठवली आणि त्याच संध्याकाळी, प्रेक्षक दारात उभे असताना, कोंसेय देता या देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती पुन्हा घातली. या न्यायालयाचा १९३३ चा बेंजामँ निकाल पहिल्याच वर्षी शिकवतात. सभा उधळली जाईल या भीतीने सभेवर बंदी घालू नका, आधी पोलीस वाढवा. तो बाजूला सारून १९९५ च्या मोरसाँ-स्युर-ऑर्जच्या निकालाची, म्हणजे मानवी प्रतिष्ठेची काठी घेतली. तो खटला होता बारमध्ये बुटक्या माणसाला उचलून फेकण्याच्या खेळाचा. त्यावरून नाटकाला आधीच कुलूप लावता येतं हे मला वर्गात पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

बरं, वर्षभरानंतर, फेब्रुवारी २०१५ मध्ये, त्याच कोंसेय देताने कूर्नों-दोव्हेर्न्यच्या महापौराने घातलेली बंदी उठवली. म्हणजे न्यायालयालाही आपण फार पुढे गेलो होतो असं वाटलं असावं. हा माझा अंदाज, निकालात असं कोणी लिहीत नाही.

पण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचा ऑक्टोबर २०१५ चा निर्णय मात्र मला पटतो. तो खुणेबद्दल नाही, फोरिसोंच्या त्या पुरस्काराबद्दल आहे. दियुदोनेला फ्रान्समध्ये १०,००० युरो दंड झाला होता, तो म्हणाला माझ्या विनोदाचं स्वातंत्र्य गेलं. न्यायालय म्हणालं, तो प्रयोग त्या क्षणी करमणूक राहिला नव्हता, ती एक सभा झाली होती, आणि युरोपीय मानवी हक्क करारातल्या स्वातंत्र्याचा वापर करारच मोडायला करता येणार नाही. कलम १७. अर्ज दाखल करूनच घेतला नाही.

थोडक्यात, क्लबला गृहमंत्र्यांसारखं वागायची गरज नाही. तुम्ही कोणाला तुरुंगात पाठवत नाही. आपल्या जर्सीत आणि आपल्या पानावर काय चालेल एवढंच ठरवायचंय, आणि त्याला हेतूचा पुरावा लागत नाही.

---

गुलबक्षी

सगळं वाचलं. शिकायला मिळालं, पण मला या धाग्यातली एक गोष्ट टोचतेय.

मी पॅरिसमध्ये शिकते आणि गाझासाठीच्या मोर्च्यांना जाते. आमच्या प्रत्येक गोष्टीकडे असंच "मागे काय आहे" म्हणून बघितलं जातं. एप्रिल २०२४ मध्ये सियांस पो या राज्यशास्त्राच्या संस्थेतल्या मुलामुलींनी लाल रंगवलेले पंजे वर धरले. आम्हाला ते साधं वाटलं: सरकारांचे हात रक्ताने माखलेत. युद्धविरोधी मोर्च्यांत ही खूण जगभर दिसते, त्याच वर्षी ऑस्करला कलाकार युद्धबंदीसाठी लाल पंजाचा बिल्ला लावून आले होते. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सुरू: हा ज्यूंच्या रक्ताचा जल्लोष आहे. तर काका, एखाद्याने म्हटलं की मला हे दिसतं, म्हणून ते तसं होतं का? मग पॅलेस्टाईनसाठी हात वर करायचाच नाही का?

---

जुनापाहुणा

गुलबक्षी, तू टोचलीस ते बरं केलंस. इथेच माझी पट्टी तपासून बघता येईल.

टीव्हीवर जे बोलत होते त्यांना आठवत होतं ते रामल्ला, १२ ऑक्टोबर २०००. दोन इस्रायली राखीव सैनिकांना पोलीस ठाण्यात जमावाने मारलं आणि एका तरुणाने खिडकीत येऊन रक्ताने माखलेले हात खालच्या गर्दीला दाखवले. ते छायाचित्र इस्रायलमध्ये आणि इथल्या ज्यू घरांत कोणी विसरलेलं नाही. सियांस पोच्या त्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, किंवा नुकता झाला असेल. त्यांना ते माहीत असणं शक्य आहे, पण मला तसं वाटत नाही.

आता माझी पट्टी लाव. रस्ता रु सँ-गियोमचा, आपल्याच संस्थेच्या दारात. मागे घोषणा युद्धबंदीच्या. ज्यांनी काढलं त्यांचा फोरिसोंसारखा कोणी पाहुणा नाही. खुणेचा जुना, सर्वांना माहीत असलेला अर्थ युद्धविरोधाचा. म्हणून मी तिला ज्यूद्वेष म्हणणार नाही. आणि ज्याला रामल्ला आठवलं त्याला खोटारडाही म्हणणार नाही. या दोन गोष्टी एका डोक्यात मावतात, टीव्हीवर मावत नाहीत.

तेच लाल पंजे तीन आठवड्यांत दुसरीकडे उमटले. मे २०२४, पॅरिसच्या शोआ, म्हणजे ज्यूंच्या नरसंहाराच्या, स्मारकाची भिंत. ज्यांनी नाझी कब्जाच्या काळात ज्यूंना लपवलं, वाचवलं, त्या ३,९०० लोकांची नावं आहेत तिच्यावर. रात्रीत तिथे पस्तीसेक लाल पंजे छापले गेले. सकाळी सगळे म्हणाले, बघा, मोर्चेवाले कुठवर गेले. प्रत्यक्षात ते बल्गेरियातून आलेल्या लोकांचं काम निघालं, तपासाचा माग रशियाकडे गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने चार बल्गेरियनांना दोन ते चार वर्षांच्या शिक्षा दिल्या. त्यांना ना गाझाचं पडलं होतं ना ज्यूंचं. त्यांना एवढंच माहीत होतं की हा पंजा त्या भिंतीवर उमटला की पॅरिसमधली माणसं एकमेकांच्या अंगावर जातील. कुठे छापायचा हे त्यांना तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा नीट कळलं होतं.

तेव्हा हात वर कर, खुशाल कर. फक्त दूतावासासमोर कर, मंत्रालयासमोर कर, संसदेसमोर कर. सिनॅगॉगवरून मोर्चा जात असेल तर तेवढं अंतर हात खाली घे. त्या इमारतीत बसलेल्याने गाझावर काही टाकलेलं नाही.

---

गुलबक्षी

शेवटचं पटलं. मधलं अजून पचवतेय. आमच्या मोर्च्याचा रस्ता पोलीस ठरवतात हेही लक्षात घ्या, प्रत्येक वेळी आमच्या हातात नसतं.

---

खडूस_कोकिळा

ठीक आहे, माझा पहिला प्रतिसाद जरा घाईचा होता म्हणा हवं तर. पण एक विचारते. दियुदोनेनेच मध्यंतरी माफी मागितली होती ना? मग आता या खुणेत काय उरलं?

---

जुनापाहुणा

मागितली, जानेवारी २०२३ मध्ये, तीही एका फ्रेंच भाषेतल्या इस्रायली मासिकातून. बऱ्याच ज्यूंनी ती मनावर घेतली नाही, आणि वीस वर्षांचा हिशेब पाहता त्यांना दोष देणार नाही. पण पायवाट यांच्या पोरांना ती माफी माहीत तरी आहे का? खूण फिरते, तिच्या मालकाची माफी तिच्या मागे फिरत नाही.

---

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी पहिल्या पोराला, त्या हसणाऱ्याला, एकटं भेटलो. त्याला विचारलं, कोणती व्यवस्था? म्हणाला, बँका, टीव्ही. मी म्हटलं, टीव्हीत कोण? थोडा वेळ गप्प बसला आणि मग एका पत्रकाराचं नाव घेतलं. आडनाव ज्यू. मग दुसरं. तेही ज्यू. तिसरं नाव घेताना त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण तो मध्येच थांबला.

तिसरा, बुटांकडे बघणारा, त्याने आपणहून निरोप पाठवला की मी त्या गृहस्थांना भेटायला तयार आहे, तुम्ही बरोबर याल का. दुसऱ्याला मी ऑफसाइड यांनी सांगितलेली आनेल्काची गोष्ट सांगितली, त्याला फक्त ८०,००० पाउंडाचा आकडा लक्षात राहिला.

समितीपुढे ठेवायचा ठराव असा लिहिलाय: फोटो काढावा, क्लबच्या पोशाखात आणि पानावर ही खूण चालणार नाही असं लेखी कळवावं, तिघांना एक सामना बाहेर बसवावं, इतिवृत्तात "क्लबने हेतूबद्दल कोणताही निष्कर्ष काढलेला नाही" हे वाक्य असावं. अध्यक्षांना शेवटचं वाक्य नको आहे, म्हणतात त्याने आपण घाबरल्यासारखे दिसतो.

---

कायदेबाज_मैना

ते वाक्य काढू देऊ नका. तेच तुमचं संरक्षण आहे, मुलांचंही. पण पहिल्याला बाकी दोघांबरोबर एकाच पारड्यात का टाकताय? एक सामना तिघांना सारखाच, हे मला खटकतं.

---

ऑफसाइड

कारण कृती सारखीच होती. खाजगीत काय बोलला त्यावर शिक्षा द्यायला लागलात तर पुढच्या वेळी कोणी तुमच्याशी बोलणार नाही.

---

जुनापाहुणा

ऑफसाइडशी सहमत. आणि त्या तिसऱ्याबरोबर जरूर जा, पण दारापर्यंतच. आत त्याला एकट्याला जाऊ दे. फोटो उडवायच्या आधी एक प्रत इतिवृत्ताच्या फाइलमध्ये लावून ठेव. त्या गृहस्थांनी जिल्ह्याला लिहिलंच तर तुमच्यापाशी दाखवायला काहीतरी हवं, आणि फोटोत मागे फक्त ड्रेसिंग रूमची भिंत आणि ओले टॉवेल आहेत हे तिथल्या लोकांनाही दिसलं पाहिजे.